शेवटी बोलवायची बाई

कल्याणात माझ्याइतकं मानाचं बोलावणं कुणालाच नसतं, असं आमचे दवाखान्याचे डॉक्टर थट्टेनं म्हणत. सगळे पाहुणे जेवून उठल्यावर ज्याला पान वाढतात, तो मान माझा. बाळंतीण अडली की आधी घरची सुईण. ती थकली की दुसऱ्या आळीतली जाणती सुईण. मग वैद्यबुवांचा काढा, मग कुणाचा तरी अंगारा, कुणाचं मंतरलेलं पाणी. घरातल्या पेट्यांची, कोठीची कुलपं उघडायची, बायकांनी वेण्या सोडायच्या, गोठ्यातल्या गाईचं दावंसुद्धा सोडायचं, म्हणजे बाळंतिणीची गाठ सुटते. एवढं सगळं होऊन पोटातलं मूल हलायचं थांबलं, बाई पांढरीफटक पडली आणि घरातला कर्ता पुरुष ओटीवर डोकं धरून बसला, की मग कुणाला तरी आठवण होई. "त्या दवाखान्यातल्या बाईला बोलवा आता." या वाक्यातल्या "आता" या शब्दाचा मला इतका राग होता, की भाजीवाली "आता काय देऊ?" म्हणाली तरी माझ्या कपाळाला आठी पडे.

मी सुईणपण शिकून आलेली. वडील ठाण्याच्या कचेरीत कारकून होते. लग्न झालं आणि पुरतं समजायच्या आत मी विधवा होऊन माहेरी आले. वडिलांनी माझे केस काढू दिले नाहीत आणि मला मुंबईच्या इस्पितळात शिकायला पाठवलं. दोन्ही गोष्टींबद्दल नातेवाइकांनी त्यांच्याकडचं पाणी वर्ज्य केलं होतं. मुंबईचे ते दिवस माझ्या आयुष्यातले सुखाचे. तिथं बाया पहिल्या कळेला येत, चालत येत, आपल्या पायांनी खाटेवर चढत. मुलं रडत जन्मायची. इतकी रडायची की आम्ही मुली कानांत बोटं घालून हसायचो. सुईणपण म्हणजे हेच, असा माझा भाबडा समज झाला होता. मेलेलं मूलही तिथं पाहिलं, नाही असं नाही, पण ते शंभरात एखादं. कल्याणच्या धर्मार्थ दवाखान्यात नेमणूक झाली तेव्हा मला वाटलं होतं, आता आपल्या माणसांत जाऊन हेच करायचं. आपली माणसं! असो.

कामाची रीत अशी. बाळंतिणीच्या खोलीत पुरुष जाणार नाही, म्हणून डॉक्टर ओटीवर, मी आत, आणि मध्ये भिंत. ते तिथून ओरडून विचारत, "नाडी कशी आहे? डोकं लागतंय का हाताला?" आणि मी आतून ओरडून सांगायची. सगळं घर ऐके, शेजार ऐके, आणि ती बाईही ऐके. मूल गेलंय, आता आईला वाचवायचं तर ते तुकड्यांनी काढावं लागेल, हेसुद्धा मला असं भिंतीतून ओरडून सांगावं लागे. पुढं आम्ही खुणेचे इंग्रजी शब्द ठरवले. महिन्याभरात आळीतल्या बायकांना ते इंग्रजी येऊ लागलं. मी मूल गेल्याचा शब्द उच्चारला की ओटीवर हंबरडा.

खाडीपलीकडच्या मिठागरांच्या गावात एकदा होडीतून नेलं होतं. भर दुपार होती, पांढऱ्या मिठाच्या राशींवरून ऊन डोळ्यांत घुसत होतं. झोपडीत शिरले तर अंधारच दिसला. तिथल्या सुईणीनं माझा हात धरून मला खाली बसवलं आणि म्हणाली, "बाय, पोर आरवा हाय. हात दिला त्यानं, पर पुरं येत नाय." आडव्या मुलाचा हात बाहेर आला होता, कालपासून. निळा पडून सुजला होता. आणि त्या हाताच्या मनगटाला कुणीतरी काळा दोरा बांधला होता. दृष्ट लागू नये म्हणून. जगात आलेल्या तेवढ्या हाताची त्या माणसांनी काळजी घेतली होती. मला तो दोरा सोडवेना. कात्रीनं कापायला गेले तर सासू म्हणाली, "तो नको तोरूस, बाय." मग दोऱ्यासकट मी माझं काम केलं. काय केलं ते लिहीत नाही. आई संध्याकाळपर्यंत होती, मग गेली. परतताना काठावर उभी असलेली एक म्हातारी दुसरीला म्हणाली, "ही आली नि ती गेली." तिच्या बोलण्यात राग नव्हता. ऊन पडलंय म्हणावं तसं ती बोलली.

त्या दिवसानंतर मला पीठ मळवेना. ओलं, मऊ, कोमट पीठ हाताला लागलं की हात थांबत आणि मी परातीपुढं तशीच बसून राही. भाकरी सोडली, भातावर राहू लागले. हात धुवायचं वेड लागलं. कार्बोलिकच्या पाण्यानं धुऊन धुऊन बोटांची सालपटं निघत, तरी मला वास येतच राही. डॉक्टरांची तऱ्हा निराळी. त्यांना लहान मुलं होती. दवाखाना बंद झाला की ते तळ्याच्या काठावर जाऊन बसत, आणि मुलं झोपली असतील असा अदमास घेऊन मगच घरी जात. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "दिवसा पाहिलेलं संध्याकाळी मुलांच्या अंगावर दिसतं हो." मग लगेच हसून म्हणाले, "तुमचं बरं आहे, तुम्हाला घरी कुणी नाही." तो माणूस वाईट नव्हता. वाईट माणसाला इतकं वाईट बोलायला सुचत नाही.

गावाला हळूहळू माझा हिशेब कळला, त्यांच्या परीनं. ही बाई ज्या घरात शिरते, तिथून मयत निघतं. खोटं कसं म्हणू? निघतच होतं. मी आळीत पाऊल टाकलं की दारं लागत. पोटुश्या बाया पदर ओढून भिंतीकडे तोंड करत. नवरे बायकांना दरडावत, "गप पड, नाहीतर बोलावीन हं तिला!" माझ्या कातडी पिशवीला आणि कार्बोलिकच्या वासालासुद्धा लोक ओळखू लागले होते. यातलं काही मनावर घ्यायचं नाही, असं मी ठरवलं होतं. मी फटकळ, उत्तर द्यायला कधी चुकायची नाही. पण एकदा तळ्यावर एक बाई धुणं धूत होती. मला पाहून उठली, ओले हात पुसले, आणि अगदी आर्जवानं म्हणाली, "बाई, रागावू नका. माझ्या सुनेला सातवा लागलाय. तुम्ही जरा पलीकडच्या बाजूनं जाल का?" शिवी दिली असती तर मी दहा परत दिल्या असत्या. त्या आर्जवापुढं माझं काही चाललं नाही. मी तळ्याला वळसा घालून गेले, आणि पुढं कायम त्याच वाटेनं जाऊ लागले.

या सगळ्या गावात माझ्या बाजूनं बोलणारं एक माणूस होतं, माझी धाकटी बहीण. माझ्याहून बरीच लहान. तिला मी कडेवर खेळवलेली. ती लग्न होऊन कल्याणातच आली तेव्हा मला वाटलं, देवानं एवढी तरी भरपाई केली. देवळाचं निमित्त काढून ती माझ्या खोलीवर येई, माझ्या हातांना खोबरेल चोळी आणि सासरच्या माणसांच्या नकला करी. तिची सासू एकदा माझ्यावरून काहीबाही बोलली, तर हिनं सरळ तोंडावर सांगितलं, "माझी ताई येते म्हणून माणसं मरत नाहीत. तुम्ही मारून झाल्यावर तिला बोलावता." त्यापायी बरेच दिवस तिला देवळातसुद्धा जाऊ दिलं नाही. मला हे कळलं तेव्हा मी तिच्यावर ओरडले, आणि मग खोलीत येऊन आनंदानं रडले.

तिला दिवस गेले तेव्हा तिनं मला शपथ घातली नाही, स्वतःच घेतली. "पहिल्या कळेला तुला बोलावीन. पहिल्या. बघू या मग कोण मरतं ते!" मीही हसले. पण मनातून मला काय वाटलं ते आज सांगते. मला वाटलं, ही एक बाई मला वेळेवर मिळणार आहे. एकदा, फक्त एकदा, मी जिवंत घरात शिरणार, जिवंत मूल हातात घेणार, आणि तेही माझ्या पाठच्या बहिणीचं. मग सगळं गाव बघेल. गाव बघो न बघो, मी तरी बघेन. कारण खरं असं होतं, की मिठागरांवरच्या त्या म्हातारीचं वाक्य आताशा माझ्या स्वतःच्याच डोक्यात घर करून बसलं होतं.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्यात ती ठाण्याला गेली. आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "तू ये, पण आपणहून नको येऊस. सांगावा धाडीन." मी म्हटलं, "कधी? मूल गेल्यावर?" आईनं तोंडावर हात ठेवला. तिचंही काही चुकत नव्हतं. विधवेनं बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, हे तिला तिच्या आईनं शिकवलेलं. त्यात ही विधवा, आणि तिचं हे काम. पण बहीण हटूनच बसली होती. "ताईला आणल्याशिवाय मी सुईणीला हात लावू देणार नाही," म्हणाली. आईचा नाइलाज झाला.

वडील स्वतः आले, सकाळच्या गाडीनं. दवाखान्याच्या दारात उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "पहाटेपासून दुखतंय. सगळं नीट आहे. चल." सगळं नीट आहे! हे शब्द घेऊन माझ्याकडे कधीच कुणी आलं नव्हतं. मी डॉक्टरांना सांगितलं, तर ते खुर्चीतून उठून उभे राहिले. "जा," म्हणाले, "आणि रडण्याचा आवाज नीट ऐकून या. मला येऊन सांगा कसा असतो." गाडीत वडील माझ्यासमोर पगडी मांडीवर घेऊन बसले होते. डोंबिवलीची भातशेतं गेली, पारसिकचा बोगदा गेला. मी मांडीवर हात पालथे ठेवून त्या हातांकडेच बघत होते.  मला फार बरं वाटत होतं.

मासुंदा तळ्याच्या जवळच आमचं घर. आत गेले तर खरंच सगळं नीट होतं. ठाण्याची आमची जुनी सुईण, जिनं आम्हा बहिणींनाही जगात आणलं, ती मांडी घालून निवांत बसली होती. मूल सरळ, डोकं खाली, कळा चांगल्या. बहीण दोरीला धरून उभी होती, घामानं केस कपाळाला चिकटलेले, पण रंग तजेलदार. मी उंबऱ्यात उभी राहिले. तिनं मान वळवली.

"ताई?" ती म्हणाली, आणि तिचा चेहरा उतरला. "तू का आलीस? काय झालंय?"

"अगं, तूच बोलावलंस ना. पहिल्या कळेला."

"नाही, नाही. आई, खरं सांग. पोट हलत नाहीये का? मला कुणी सांगत का नाही?"

"वेडे," मी म्हटलं, "सगळं उत्तम आहे. मी अजून हातसुद्धा लावलेला नाही."

"मग ही इथं कशी?" असं तिनं आईला विचारलं. मला नाही. माझ्याकडे बोट करून, आईला.

तिच्या डोळ्यांत तेव्हा जे होतं ते मी पुष्कळ घरांत पाहिलं होतं. पण त्या बाया मरणाच्या दारात होत्या, त्यांचं खरंच होतं. ही चांगली धडधाकट उभी होती, आणि केवळ मला पाहून तिनं आपला जीव गेला असं धरलं. शहाणपणा, प्रेम, सासूला दिलेली उत्तरं, सगळं एका कळेत वाहून गेलं आणि खाली उरलं ते गावाचं. आणि मला तिचा राग आला. खोटं कशाला सांगू, बहिणीची दया येण्याआधी मला तिचा राग आला.

तिच्या कळा थांबल्या. भीतीनं थांबतात, ते मला पुस्तकातून ठाऊक होतं. ती आईचा पदर मुठीत धरून बसली. सुईणीनं मला डोळ्यांनी खुणावलं तशी मी तिच्या पाठीमागं, कणगीच्या आडोशाला जाऊन बसले, बहिणीला दिसणार नाही अशी. तिला वाटलं मी गेले. कुणी तसं सांगितलं नाही, पण कुणी नाहीही म्हटलं नाही. बऱ्याच वेळानं कळा पुन्हा सुरू झाल्या. सुईण मागं हात करून मला विचारी, मी बोटांनी सांगे. दुपार कलली तेव्हा डोकं आलं, आणि नाळ गळ्याभोवती आवळलेली. सुईण म्हातारी, तिच्या हाताला ती सापडेना. ती ओढणार इतक्यात मी पुढं झाले, बोट घालून नाळ सैल केली, डोक्यावरून काढली. बहिणीचे डोळे मिटलेले होते. मुलगी काळीनिळी पडलेली, आवाज नाही. मी तिचं तोंड साफ केलं, पाठ चोळली, पालथी धरली, तरी आवाज नाही.  मी मनात म्हणत होते, मेली तर मीही आज मासुंद्यात जाईन. मग ती रडली. बारीक, चिडक्या आवाजात, उगाच त्रास दिला म्हणून तक्रार केल्यासारखी. मी तिला सुईणीच्या मांडीवर ठेवली आणि परसात जाऊन विहिरीला टेकून उभी राहिले.  मी किती हसले आणि किती रडले मला ठाऊक नाही. इतकी वर्षं झाली, त्या दुपारसारखी दुपार मला परत मिळाली नाही.

सुईणीला लुगडं-चोळी आणि नारळ दिला. ती मागच्या दारी येऊन माझ्या कानाशी म्हणाली, "हात तुझेच होते गं बाय. पण त्यांनी लुगडं मला दिलं, आता मी काय बोलू?" मी म्हटलं, नेस आणि मिरव. आई येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगत होती, "मोठी आलेली घरात, तरी देवानं निभावलं." बारशाला पाळण्यापाशी विधवेचं काम नसतं, म्हणून मी आधीच कल्याणला परतले. डॉक्टर वाट बघत होते. मी त्यांना रडण्याचा आवाज कसा होता ते काढून दाखवला. ते हसले नाहीत, खिडकीतून बाहेर बघत राहिले.

नवरात्रात बहीण माझ्या खोलीवर आली. अंगानं भरलेली, खुशीत, मुलगी पदराखाली. दुर्गाडीच्या देवीला जाऊन आली होती. तिनं माझ्या हातावर प्रसादाची खोबऱ्याची शकलं ठेवली. मुलीला घ्यायला मी हात पुढं केले तर म्हणाली, "झोपलीय गं." झोपली नव्हती, टकमक बघत होती. गालावर ताजी तीट लावलेली होती, चांगली ठसठशीत, काजळ अजून ओलं. माझ्या जिन्यात उभी राहून लावली असणार.

"नवस होता," ती म्हणाली. "खणानारळानं ओटी भरली."

"कसला नवस?"

ती थोडी लाजली. "अगं, तू दारात दिसलीस ना, तेव्हाच बोलले. म्हटलं, देवी, ही आलीय, हिच्यातून सुटले तर तुझी ओटी भरीन. दुखण्यात माणूस काय वाट्टेल ते बोलतं गं. पण बोललेलं फेडायला नको का?"

"नाळ गळ्याला आवळली होती," मी म्हटलं. "ती मी काढली. हे कुणी सांगितलं का तुला?"

"आई म्हणाली, सुईणीनं काढली."

"मी काढली."

"असेल गं," ती म्हणाली, आणि माझ्या हातावर हात ठेवला. आजाऱ्याचं बोलणं आपण असंच ऐकून घेतो.  देवीचा प्रसाद टाकत नाहीत, म्हणून तिच्यासमोर खाल्ला. माझ्यातून वाचल्याबद्दलचा प्रसाद.

त्यानंतर तिचं येणं कमी होत गेलं. भांडण नव्हतं, अबोला नव्हता. भेटली की हसून बोले. दुसऱ्यांदा दिवस गेले ते मला तळ्यावरच्या बायकांकडून कळलं. हे बाळंतपण सासरी, माझ्या खोलीपासून दोन गल्ल्या सोडून. मी तिला देवळात गाठली आणि हात जोडले. मोठी असून धाकटीपुढं हात जोडले. "मला बोलव. मी मागं बसेन, तुला दिसणार नाही. बोलव मात्र."

"नको, ताई," ती म्हणाली, अगदी मायेनं. "तू नकोच येऊस. मला भीती वाटते गं. तुझी नाही, तू येण्याची."

पौषात एका सकाळी तळ्यावर ऐकलं, कालपासून दुखतंय. मी तडक तिच्या मागच्या दारी गेले. सासू बाहेर आली आणि दार मागं ओढून घेतलं. "सगळं ठीक आहे. तुम्ही जा."

"मला नुसतं बघू द्या. आत येत नाही, दारातून बघते."

"अहो, तिनंच सांगितलंय. तुम्हाला शिवू द्यायचं नाही म्हणून." आणि मग त्या बाईचे डोळे भरून आले. "मला काय हौस आहे का तुम्हाला परत पाठवायची?"

मी ओरडले असते, दार ढकललं असतं. मला ते जमलं असतं, तेवढं माझ्यात होतं. पण मी आत शिरले तर तिच्या कळा थांबतील, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं. मी दारातून ओरडून विचारलं, "मूल सरळ आहे का?" सासूनं आत जाऊन कडी लावली. मी दवाखान्यात येऊन बसले. डॉक्टरांनी सगळ्या रोग्यांना परत पाठवलं आणि माझ्यासमोर बसून राहिले. इतकी वर्षं मला वाटत आलं होतं, मला लवकर बोलावत का नाहीत. त्या दिवशी मी देवाला म्हणत होते, मला बोलावू नका. कुणी येऊ नका. दारात सावली पडली की माझा जीव तोंडाशी येई, आणि ती खोकल्याचं औषध मागायला आलेली म्हातारी निघे.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा नवरा आला. मी पिशवी उचलली, डॉक्टरही उठले. 

मूल आडवं होतं. सुईणींनी ओढाताण केली होती, आणि आत सगळं फाटलेलं होतं. मला बघून ती घाबरली नाही, कारण तिला आता दिसत नव्हतं. ओटीवरून डॉक्टर काहीच विचारत नव्हते. मी परक्या बायांसाठी करत आले ते सगळं माझ्या बहिणीसाठी केलं, याच हातांनी, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तो मुलगा होता. दिवेलागणीच्या आत ती गेली. सासूनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हंबरडा फोडला. ओसरीवर कुणीतरी हळूच म्हणालं, "ती बाई आत गेली, तेव्हाच मी ओळखलं."

बहिणीचं सुतक तीन दिवसांचं. सुतक असलेल्या माणसानं कुणाच्या घरी जायचं नसतं, कुणाला शिवायचं नसतं. मला त्याचा आधारच वाटला होता. तीन दिवस तरी मला कुणी हात लावायला सांगणार नाही. मी खोलीत चटईवर पडून होते. दुसऱ्याच सकाळी जिन्यात पावलं वाजली. एक अनोळखी माणूस, अंगरख्याचे बंद उलटसुलट बांधलेले, दारात उभा. त्याची बायको अडली होती, कालपासून. वैद्य झाले होते, अंगारा झाला होता.

मी पडल्या पडल्याच म्हटलं, "मला सुतक आहे."

तो गोंधळला. मग म्हणाला, "तुम्हाला कसलं सुतक, बाई? चला ना."

त्याला कुचकं बोलायचं नव्हतं. त्याला खरंच नवल वाटलं होतं. मी उठले, तोंडावर पाणी मारलं आणि त्याच्या मागून गेले. पारनाक्याच्या बाजूचं कुठलं तरी घर होतं. माझ्या हातांखालून गेलेल्या बायांचे चेहरे मला आजही एकेक करून सांगता येतील, कुणाच्या कपाळावर गोंदण होतं, कुणी कुणाचं नाव घेत होतं. त्या दिवशीच्या बाईचं मात्र मला काही आठवत नाही. ती वाचली की गेली, तेसुद्धा नाही.